‘दऱ्या’ सापडत नाहीत: पुण्यातल्या संगणकप्रेमी मंडळींना खुले पत्र

शनिवारी संध्याकाळी जमून सॉफ्टवेअरवर वाद घालणाऱ्या पुण्यातल्या सर्व मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

मी नारायण पेठेत डीटीपीचं काम करते. १९९३ पासून याच धंद्यात आहे. त्याआधी माझे वडील छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचे. शिशाने काळी पडलेली त्यांची बोटं बघत मी वाढले. तुमच्यापैकी काहींनी मला पाहिलं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भाच्याबरोबर रिक्षातून एक जुना डेस्कटॉप घेऊन आलेली काकू, ती मी.

विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबरला संपला होता आणि विंडोज ११ ला लागते ती टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप माझ्या मशीनमध्ये नव्हती. मशीन धडधाकट, भंगारात द्यायला जीव होईना. तुम्ही त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली चढवून दिलंत, एक पैसा घेतला नाहीत, वर चहा पाजलात. त्याबद्दल मनापासून आभार मानते. पण हे पत्र लिहायला बसले ते त्या संध्याकाळी राहून गेलेल्या एका गोष्टीसाठी.

लिनक्स चढवण्याआधी तासभर तुमचा वाद रंगला होता. लिनक्सच्या प्रकारांपैकी मिंट घालायचं की डेबियन, की सरळ फेडोरा. मग पडद्यावर खिडक्या दाखवायला वेलंड की जुनं एक्स. मग कुणीतरी मशीन चालू होताना बाकीचं सगळं सुरू करणाऱ्या सिस्टमडीचं नाव काढलं आणि आवाज चढले. कोपऱ्यात विम आणि ईमॅक्स या दोन एडिटरांचं चाललंच होतं, आणि दोघं जण ओळ आत घ्यायला टॅब वापरावा की स्पेस यावर हमरीतुमरीवर आले होते. मला ते सगळं ऐकायला आवडलं, खरंच सांगते. वडिलांच्या छापखान्यात ऱ्हस्व की दीर्घ यावरून दोन मुद्रितशोधक आठ-आठ दिवस एकमेकांशी बोलत नसत, आणि त्या दोघांच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकात चूक शोधून सापडत नसे. बारीकसारीक गोष्टीवरून भांडणारा माणूसच काम नीट करतो, असं माझं मत आहे. ओळ किती आत घ्यायची हा तर पानाचा प्रश्न, त्यात मला रस वाटणारच.

पण त्या एका तासात आणि पुढच्या दीड तासात त्या मशीनवर एकानेही मराठीचं एक अक्षर उमटवून पाहिलं नाही. वायफाय पाहिलंत, आवाज पाहिलात, व्हिडिओ लावून पाहिलात, अपडेट पूर्ण केलंत. ते मशीन कशासाठी आहे हे मी आल्याआल्या सांगितलं होतं. मराठी पुस्तकं जुळवण्यासाठी.

मग मी खुर्चीवर बसले. भाच्याने इन्स्क्रिप्ट हा मराठी कळफलक चालू करून दिला. हाताला सवय आहे तेच लिहिलं: ‘सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्या’. शिफ्ट धरून ‘जे’ दाबलं की ऱ, ‘डी’ने त्याचा पाय मोडायचा, मग य. साध्या लिहिण्याच्या खिडकीत ओळ छान उमटली. तुमच्यातल्या एकीने तीच फाइल टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या आज्ञा टंकायच्या खिडकीत, विमने उघडली आणि ओळ विस्कटली. ‘ह्या’तला ह आणि या सुटे पडले, ‘द्री’ची दुसरी वेलांटी शेजारच्या अक्षरावर चढली, कर्सर एकीकडे आणि अक्षर भलतीकडे. “फाँटचं असेल काहीतरी,” म्हणून तिने खिडकी बंद केली. तेवढ्यात ईमॅक्सवाल्याने फाइल आपल्याकडे घेऊन उघडली, तर ओळ सरळ! ईमॅक्सने २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून अक्षरं जुळवायचं काम हार्फबझ या सॉफ्टवेअरकडे दिलं आहे, म्हणून जोडाक्षरं नीट येतात, हे त्याने मला समजावून सांगितलं. विमची बाजू घेणारी म्हणाली, दोष विमचा नाही, टर्मिनलचा आहे, कारण तिथे प्रत्येक अक्षराला एकसारखी चौकट मिळते. दोघांचंही बरोबर होतं. त्या पाच मिनिटांत तुमचा जुना वाद पहिल्यांदा माझ्या पोटापाण्याच्या गोष्टीवर आला होता. आणि मग तो थांबला, कारण कुणीतरी म्हणालं, “पण मराठीत टर्मिनल वापरतंय कोण?”

या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी पटकन देता आलं नाही. आज देते.

आधी चौकटीचं सांगते. एकसारख्या चौकटीत मराठी बसवण्याची अडचण टर्मिनलने आणलेली नाही. मराठी टाइपरायटरवरही कॅरेज दर अक्षराला तेवढीच सरकायची. मग मात्रा, अनुस्वार, उकार कसे बसायचे? त्यांच्या कळा अशा केलेल्या असत की दाबल्यावर कॅरेज जागची हलत नसे. खूण उमटायची आणि पुढचं अक्षर तिथेच यायचं. शून्य रुंदीचं अक्षर ही कल्पना ज्यांनी लोखंडात घडवली, त्यांच्याकडे ना मेमरी होती ना प्रोसेसर. तुमच्याकडे दोन्ही आहे. तेव्हा टर्मिनलमध्ये मराठी बसतच नाही, हे मला पटणार नाही. कुणी पुरेसं भांडलेलं नाही, एवढंच म्हणता येईल.

आता टर्मिनल कोण वापरतं ते. मी वापरत नाही. पण माझा मजकूर त्यातून जातो. तुम्ही रात्री लावून ठेवता त्या स्क्रिप्टमधून जातो, शोधणाऱ्या, छाटणाऱ्या, साफ करणाऱ्या आज्ञांमधून जातो, आणि तिथे त्याचं काय होतं हे मला पुस्तक बाजारात गेल्यावर कळतं.

सह्याद्रीतल्या भटकंतीचं एक पुस्तक मी जुळवलं होतं. तीन प्रुफं झाली, मी स्वतः दोनदा वाचलं, छापील प्रत स्वच्छ निघाली. पुढे प्रकाशकाने त्याचं ई-पुस्तक करायला दुसरीकडे दिलं. तिथल्या कुणीतरी मजकूर ‘साफ’ करण्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट चालवली. न दिसणारी, शून्य रुंदीची सगळी चिन्हं त्यात काढून टाकली, कारण न दिसणारं म्हणजे कचरा. इंग्रजीत ते बहुतेक वेळा असतंही. पण ज्या कन्व्हर्टरने जुन्या फाँटातली ती फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला आकडा देणाऱ्या मानकात, आणली होती, तो ‘दऱ्या’ लिहिताना साधा र घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा, मग एक न दिसणारं जोडचिन्ह ठेवायचा आणि मग य. ते जोडचिन्ह गेलं आणि र चा रफार होऊन य च्या डोक्यावर बसला. दऱ्यांचा दर्या झाला. सह्याद्रीवरच्या पुस्तकात माणसं दर्यात उतरायला लागली, दर्या ओलांडायला लागली. एकोणसाठ ठिकाणी. एका वाचकाने प्रकाशकाला कळवलं आणि प्रकाशकाचा फोन मला आला, कारण त्यांच्या लेखी अक्षर म्हटलं की जबाबदारी माझी. त्या रात्री मी एकोणसाठच्या एकोणसाठ जागा हाताने दुरुस्त करून दिल्या.

शाळेत आपल्याला शिकवलं होतं: आचार्यांना वंदन करायचं आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाचं सांगायचं. एवढा फरक त्या एका वळणात आहे. वडिलांच्या खिळे ठेवायच्या केसमध्ये त्या तुटक र चा वेगळा खिळा असे, आणि तो वेगळ्या घरात ठेवलेला असे, चुकून हाताला लागू नये म्हणून.

आणि नुसतं चिन्ह राखून भागत नाही. ‘दऱ्या’ दोन तऱ्हेने लिहिता येतं: ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा आत्ता सांगितलं तसं साधा र आणि जोडचिन्ह वापरून. दर्‍या आणि दऱ्या. डोळ्याला एकच दिसतं ना? त्या शनिवारी मी पेनड्राइव्हवर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणलेली माझी जुनी फाइल आणली होती. भाच्याने ग्रेप या शोधायच्या आज्ञेने त्यात मी टंकलेलं ‘दऱ्या’ शोधलं. एकही ओळ आली नाही, आणि फाइल तर दऱ्यांनी भरलेली. तुमच्यातल्या एकाने लगेच सुचवलं, युनिकोडचं नॉर्मलायझेशन करून घ्या, म्हणजे एकाच अक्षराची निराळी रूपं एकसारखी होतील. करून पाहिलं. नाही जमलं, कारण या दोन रूपांना युनिकोड समान मानतच नाही. ‘ॲप’चंही तसंच. ॲ हे अखंड अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ लिहून वर अर्धचंद्र देत, आणि अजूनही पुष्कळ जण तसंच लिहितात. शोधणाऱ्याला ही दोन निराळी अक्षरं. कुणी ‘दुसऱ्या महायुद्धा’वरचा लेख शोधतो, त्याला काही मिळत नाही, तो समजतो मराठीत कुणी लिहिलंच नाही. लेख तिथेच असतो.

“युनिकोड आलं, आता मराठीचा प्रश्न सुटला,” असं तुमच्यातले दोघं-तिघं म्हणाले होते. त्यांना मी एवढंच सांगेन की युनिकोडने खिळे दिले. जुळारी अजून शिकायचे आहेत.

दुसरी गोष्ट एका वाचनालयाची. आमच्या पेठेतलं जुनं वाचनालय आहे, नाव घेत नाही. पुस्तकांच्या पाठीवर विषयाची पट्टी चिकटवायची म्हणून त्यांनी एक सॉफ्टवेअर घेतलं. इतिहास नीट छापून आला, भूगोल आला, चरित्र आणि कविताही आल्या. पण सगळी शास्त्रं शेवटी तुटली. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, धर्मशास्त्र, प्रत्येकाचं शेवटचं अक्षर गेलं आणि त्या जागी काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह. सॉफ्टवेअर देणाऱ्याने सांगितलं, मराठीत प्रॉब्लेम येतो, इंग्रजीत करा. ग्रंथपाल बाईंनी मान तुकवली. आज त्या कपाटांवर इंग्रजी पट्ट्या आहेत, आणि समोर चष्मा वर-खाली करत उभी असलेली आजी-आजोबा मंडळी.

घरी येऊन भाच्याने मोजलं तेव्हा कारण कळलं. पट्टीच्या मजकुराला बत्तीस बाइट, म्हणजे संगणकातली साठवायची बत्तीस घरं, राखून ठेवलेली होती. तुम्हाला बत्तीस हा गोल आकडा. युटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. ‘अर्थशास्त्र’ लिहायला अकरा खुणा लागतात: अ, र, पाय, थ, श, काना, स, पाय, त, पाय, र. तेहेतीस बाइट. एका बाइटाने शेवटचा र चिरला गेला. समाजशास्त्राच्याही अकरा, धर्मशास्त्राच्याही अकरा. राज्यशास्त्राच्या बारा, म्हणजे तिथे आणखी जास्त गेलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पट्टीचं कोष्टक आखणाऱ्याने इंग्रजी शब्द घालून पाहिला, तो मावला, आणि तो घरी गेला. एक मराठी शब्द घालून पाहिला असता तर ती कपाटं आज मराठीत असती. मोबाइलच्या संदेशाचंही असंच: इंग्रजी १६० अक्षरं जातात तिथे देवनागरीच्या ७० खुणा, म्हणून सोसायटीची मराठी सूचना महाग पडते आणि इंग्रजी लिपीतली स्वस्त.

प्रोग्रॅम लिहायला रस्ट चांगली की दुसरी कुठली भाषा, यावर तुम्ही त्या दिवशी पाऊण तास बोललात. म्हणून भाच्याला म्हटलं, तुमच्या सगळ्या भाषांना एकच प्रश्न विचार. ‘क्षत्रिय’ या शब्दाची लांबी किती? रस्टने सांगितलं चोवीस, कारण ती बाइट मोजते. पायथन आणि जावास्क्रिप्ट म्हणाल्या आठ. स्विफ्ट माणसाला जाणवणारी अक्षरं मोजू पाहते, पण तिचं उत्तर युनिकोडचे कुठले नियम तिच्या पोटात आहेत त्यावर ठरतं. जुन्या नियमांनी पाच येतात. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षर मध्येच तोडू नये असा नियम आला, त्याने तीन. क्ष, त्रि, य. नूतन मराठीच्या पटांगणात खेळणाऱ्या कुठल्याही तिसरीतल्या पोराला विचारा, तो तीनच सांगेल. चोवीस, आठ, पाच, तीन. यावर वाद घाला की! लांबी म्हणजे काय, यापेक्षा मोठा प्रश्न तुमच्या टेबलावर त्या संध्याकाळी आला नव्हता. बॅकस्पेस एकदा दाबला तर किती पुसलं जावं, चाळीस अक्षरांच्या मर्यादेत माझ्या भावाचं नाव बसावं की नाही, कर्सरने कुठे थांबावं, हे सगळं याच उत्तरातून निघतं.

तुमच्या संकेतस्थळांबद्दलही एक सांगायचं आहे. पान मराठीत असलं तर त्याची भाषा मराठी अशीच नोंदवा. बऱ्याच ठिकाणी इंग्रजी नाहीतर हिंदी नोंदवलेली असते, आणि मग फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असूनही ते बाहेर येत नाहीत, हिंदी वळणाचे येतात. दोन अक्षरांचा बदल आहे, एम आणि आर. माझ्यासारखीला ते लगेच खुपतं.

हे पुण्यातल्या लोकांना सांगावं लागावं याचं मला वाईट वाटतं, कारण हे काम या गावाचं आहे. सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था १९८८ मध्ये इथेच सुरू झाली. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं जिस्टचं काम कानपूरच्या आयआयटीत जन्मलं आणि इथे येऊन वाढलं. १९९१ हे साल तर मी भाच्याला पुनःपुन्हा सांगते. त्या एका वर्षात परम ८००० हा महासंगणक झाला, भारतीय लिप्यांसाठीचं इस्की हे मानक आलं, युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि ऑगस्टमध्ये लिनस टोरवाल्ड्सने आपल्या छंदाच्या कामाची बातमी जगाला दिली. ज्या लिनक्सवर तुम्ही जीव टाकता ते आणि संगणकावरची आपली लिपी असे जवळजवळ एका वयाचे आहेत. पुढे २००४ मध्ये रेड हॅट या कंपनीने लोहित फाँट मुक्त परवान्याखाली खुले केले. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मशीनवर मराठी दिसतं ते अशाच कुणाच्या तरी कामामुळे.

आता माझी मागणी. मराठीसाठी वेगळा दिवस नको, वेगळं व्यासपीठ नको, सत्कार तर नकोच. तुमचे वाद जसे चालतात तसेच चालू द्या, फक्त वादात जे काही चालवून दाखवाल ते एकदा मराठीवर चालवून दाखवा. नवा एडिटर आणलात, त्यात ‘दऱ्याखोऱ्या’ लिहा. डेटाबेसवर बोलताय, त्यात ‘राज्यशास्त्र’ भरा आणि परत काढा. पीडीएफ करणारं काही सापडलं, तर त्यातून मराठी परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे चिकटवा आणि वेलांट्या जागेवर आहेत का बघा. बिघडलेलं दिसलं की ते बनवणाऱ्यांना लिहून कळवा. हे मला जमत नाही. दोष कुठे आहे ते दिसतं, पण तो तुमच्या भाषेत मांडायचा कसा ते येत नाही. तुम्हाला ते रोजचं आहे. आणि कुणी “मराठीत हे वापरतंय कोण” म्हणालं, तर त्याला माझ्याकडे पाठवा. अप्पा बळवंत चौकातून पाच मिनिटं चालायचं आहे.

उलट बाजूने मीही रिकाम्या हाताने येत नाही. १९९३ पासून पंधरा-सोळा वर्षं आम्ही जे जुळवलं ते जुन्या फाँटांत आहे, कारण आमच्या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरला तेव्हा युनिकोड कळत नव्हतं. त्या फाँटांत आत इंग्रजी अक्षरांचेच आकडे, वरून फक्त देवनागरीचा चेहरा. फाँट गेला की पानावर परक्या चिन्हांची खिचडी. पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी टंकलेली, कारण ती दिसते आधी. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा. यातली कितीतरी पुस्तकं आता छापील मिळत नाहीत, लेखक गेले, प्रकाशन बंद पडलं, आणि मजकूर माझ्यासारख्यांच्या सीडींमध्ये पडून आहे. सीड्यांवर बुरशी धरायला लागली आहे. बाजारातले कन्व्हर्टर मी वापरून पाहिलेत. ते बाकी सगळं बऱ्यापैकी करतात आणि नेमके ऱ, ॲ आणि श्र-शृ यांच्यात अडखळतात.

माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. त्यात चार जुन्या फाँटांचे तक्ते मी हाताने लिहून ठेवले आहेत: कुठली कळ, कुठला आकार, कुठल्या आकारापुढे काय आलं तर काय करायचं. तांबड्या शाईने लिहिलंय ते अपवाद आहेत, आणि तेच महत्त्वाचे. यावरून एक खुला, कुणालाही तपासता येईल असा कन्व्हर्टर तुम्ही लिहा. ओळन् ओळ वाचून प्रुफं मी काढून देईन, माझ्याबरोबर काम केलेले आणखी दोन मुद्रितशोधक यायला तयार आहेत. तो पायथनमध्ये लिहायचा की रस्टमध्ये, टॅब घालायचे की स्पेस, ते तुम्ही ठरवा.

येत्या शनिवारी साडेपाचला वही घेऊन येते. पेनड्राइव्हवर चाळीस फाइली असतील. पहिली ती भटकंतीवाल्या पुस्तकाची मूळ फाइल ठेवली आहे, जुन्या फाँटातली, एकही ‘दऱ्या’ न बिघडलेली.

आपली,
एक अक्षरजुळणीकार
नारायण पेठ, पुणे